रिपोर्ट फिरत राहतो तेव्हा आत काय चाललेलं असतं

दसरा-दिवाळीच्या सुमाराला लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक जोर धरते. काट्यावरची वजनं, पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या), उचल, हमाली, तोलाई असा नोंदींचा रोज ढीग पडतो. आणि नेमकं याच दिवसांत पेढीच्या सॉफ्टवेअरमधला ‘शेतकरीनिहाय येणे-देणे’ हा रिपोर्ट अडतो. क्लिक केलं की गोल चाक फिरत बसतं. चार वर्षांपूर्वी हाच रिपोर्ट चुटकीसरशी यायचा. ऑपरेटर सांगतो, “मालक, अजून फिरायलंय बघा.” मालक सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावतात. तिकडून ठरलेलं उत्तर येतं: डेटा वाढलाय, आता सर्व्हर बदला.

डेटा वाढलाय हे खरंच असतं. पण त्यावर सर्व्हर हाच इलाज, हे बहुतेक वेळा खरं नसतं. नवा सर्व्हर आणला तर दहा मिनिटांचा रिपोर्ट पाच मिनिटांवर येतो, आणि दोन हंगामांत पुन्हा दहावर जातो. पैसे खर्च करण्याआधी एकच प्रश्न विचारावा: पडद्यावर शंभर ओळी दाखवण्यासाठी हा रिपोर्ट आत किती ओळी वाचतो? बाकी सगळं या एका प्रश्नातून उलगडत जातं.

आधी साधा गुणाकार करू

आडत, दालमिल आणि उदगीर-अहमदपूरकडे एखाद-दुसरी शाखा असलेली मोठी पेढी धरा. एका पट्टीमागे माल, हमाली, तोलाई, उचल वजा, देय रक्कम अशा सहा-आठ ओळी पडतात. खरेदी, विक्री, बँक, गोदाम सगळं धरून वर्षाला २० लाख ओळी होतात असं समजू. पाच वर्षांच्या झाल्या एक कोटी. एक ओळ २०० बाइटची धरली तर सगळा मिळून डेटा २ जीबी. मोबाइलमधल्या एखाद्या सिनेमाएवढा.

साधी हार्ड डिस्क सलग वाचत गेली तर सेकंदाला सुमारे १५० एमबी वाचते. म्हणजे पाच वर्षांचा सगळा व्यवहार पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला तेरा-चौदा सेकंद. एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, असेल तर चार-पाच सेकंद. आणि डेटा रॅममध्ये आधीच बसलेला असेल तर त्याहूनही कमी.

मग दहा मिनिटं कशाला लागतात? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक जण तो विचारतच नाहीत. सगळा डेटा एकदा वाचायला चौदा सेकंद पुरत असतील आणि रिपोर्टला दहा मिनिटं लागत असतील, तर तो रिपोर्ट तोच डेटा पुन्हा पुन्हा वाचतोय, नाहीतर वाचण्याऐवजी भलतंच काहीतरी करत बसलाय.

एका प्रश्नाचे आठ हजार प्रश्न

सगळ्यात जास्त वेळ खाणारा दोष डेटाबेसमध्ये, म्हणजे नोंदी साठवून हव्या तेव्हा काढून देणाऱ्या व्यवस्थेत, नसतो, रिपोर्ट लिहिण्याच्या पद्धतीत असतो. पेढीकडे ८,००० शेतकरी खाती आहेत. रिपोर्ट लिहिणारा आधी खात्यांची यादी मागवतो. मग प्रत्येक खात्यासाठी वेगळा प्रश्न पाठवतो: या खात्याची जमा किती, नावे किती, बाकी किती? यादीचा एक आणि खात्यांचे आठ हजार, असे ८,००१ प्रश्न सर्व्हरकडे जातात. प्रोग्रॅम लिहिताना पन्नास नमुना खात्यांवर तपासला तर हे लक्षातही येत नाही. पन्नास प्रश्न डोळ्याचं पातं लवायच्या आत होतात.

सर्व्हर पेढीतच, शेजारच्या खोलीत असेल तर एका प्रश्नाच्या येण्याजाण्यात फारसा वेळ जात नाही. पण आता बऱ्याच पेढ्यांचा सर्व्हर क्लाउडवर, मुंबईत किंवा आणखी लांब असतो. एका फेरीला ३० मिलिसेकंद धरा. आठ हजार फेऱ्यांना २४० सेकंद, म्हणजे चार मिनिटं नुसती ये-जा करण्यात. यात डेटाबेसने एकही बेरीज केलेली नाही. इथे सर्व्हर कितीही दांडगा घ्या, ही चार मिनिटं एका सेकंदानेही कमी होत नाहीत.

याहून वाईट म्हणजे, प्रत्येक प्रश्नासाठी सर्व्हरला नोंदींचा आख्खा तक्ता चाळावा लागत असेल तर? एका चाळणीला रॅममधून एक सेकंद धरला तरी आठ हजार सेकंद होतात, म्हणजे सव्वादोन तास.

इलाज साधा आहे. एकच प्रश्न विचारायचा: सगळ्या ओळी खात्यानुसार गटांत लाव, प्रत्येक गटाची जमा आणि नावे यांची बेरीज कर आणि फक्त आठ हजार उत्तरं पाठव. डेटाबेस एका फेरीत, एका वाचनात हे करतो. बेरजा करण्यासाठीच तो बनवलेला आहे. लाखो ओळी प्रोग्रॅमकडे ओढून आणायच्या आणि तिथे बेरीज करायची, हा उलटा कारभार आहे. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, गट करून बेरीज मागायची सोय अगदी सुरुवातीपासून आहे, आणि ती धड न शिकता रिपोर्ट लिहायला बसणं म्हणजे गिऱ्हाइकाचा वेळ वाया घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंडेक्स म्हणजे खतावणी

मोंढ्यातल्या जुन्या दिवाणजींना इंडेक्स समजावायला वेळ लागत नाही. रोजकीर्दीत व्यवहार घडतील तसे लिहिले जातात. एखाद्या खात्याची बाकी काढायला कुणी वर्षाची कीर्द पहिल्या पानापासून वाचत नाही. खतावणी उघडतात, त्या खात्याचं पान काढतात, तिथे त्याच्या सगळ्या नोंदी तारीखवार एकत्र असतात. डेटाबेसचा तक्ता ही कीर्द आणि इंडेक्स ही खतावणी.

आत मात्र रचना जास्त हुशार असते. बहुतेक डेटाबेस ज्या रचनेवर चालतात ती बी-ट्री. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी बोइंग कंपनीच्या संशोधन विभागात असताना ती मांडली आणि १९७२ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर हे डेटाबेस आपला डेटा ८ केबीच्या पानांत ठेवतात, मायएसक्यूएल साधारणतः १६ केबीच्या. इंडेक्सच्या एका पानावर समजा ३०० खुणा बसल्या. वरच्या पानावरून ३०० पानांपैकी एकाकडे, तिथून पुन्हा ३०० पैकी एकाकडे, तिथून पुन्हा. ३०० गुणिले ३०० गुणिले ३०० म्हणजे २ कोटी ७० लाख. आपल्या एक कोटी ओळींतली कुठलीही ओळ तीन पानं उलटून सापडते. डेटा दुप्पट झाला तरी पानं तीनच.

पण खतावणी खात्यानुसार लावलेली असते. “१५ ऑक्टोबरला काय काय व्यवहार झाले?” असं विचारलं तर ती कामाची नाही, त्यासाठी कीर्दच उघडावी लागते. इंडेक्सचंही तसंच आहे. ‘खाते, मग तारीख’ या क्रमाने केलेला इंडेक्स एका खात्याच्या उताऱ्याला उत्तम, पण दिवसाच्या रिपोर्टला जवळपास निरुपयोगी. इंडेक्स आहे म्हणून रिपोर्ट वेगात येईल असं नाही. तो कुठल्या क्रमाने लावलाय ते पाहावं लागतं.

इथेच एक चूक मला इतक्या रिपोर्टांत दिसते की ती जरा जवळून दाखवतो. २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा रिपोर्ट हवाय. तारखेच्या रकान्यावर इंडेक्स आहे. पण रिपोर्टमध्ये अट अशी लिहिलेली असते: ‘प्रत्येक ओळीच्या तारखेवरून आर्थिक वर्ष काढ, ते २०२४-२५ असेल तर ओळ घे.’ माणसाला हे वाचायला स्वच्छ वाटतं. डेटाबेसच्या दृष्टीने मात्र इंडेक्स संपला, कारण इंडेक्समध्ये तारखा आहेत, आर्थिक वर्षं नाहीत. आता त्याला एक कोटी ओळींवर तो हिशोब करत बसावं लागतं. तीच अट अशी लिहा: ‘तारीख १ एप्रिल २०२४ किंवा नंतरची, आणि १ एप्रिल २०२५ च्या आधीची.’ आता रकान्याला हात लावलेला नाही. डेटाबेस इंडेक्समध्ये थेट पहिल्या तारखेवर जातो आणि दुसरी आली की थांबतो.

यात आणखी एक फायदा लपलेला आहे. नोंदीत तारखेबरोबर वेळही साठवलेली असेल आणि अट ‘३१ मार्च २०२५ पर्यंत’ अशी असेल, तर संगणक तिचा ३१ मार्च सुरू होतानाचे रात्रीचे बारा, म्हणजे दिवसाची सुरुवात, असा अर्थ घेतो. वर्षअखेरचा आख्खा दिवस रिपोर्टमधून गळतो. ताळेबंद जुळत नाही म्हणून रात्री जागवणाऱ्या किती अकाउंटंटांच्या त्रासाचं मूळ इथे असतं! ‘१ एप्रिलच्या आधी’ असं लिहिलं की वेग आणि अचूकपणा दोन्ही साधतं.

अशाच आणखी दोन जागा. खाते क्रमांक मजकूर म्हणून साठवलेला आणि शोधताना आकडा म्हणून दिलेला असेल, तर काही डेटाबेस इंडेक्स बाजूला ठेवतात. आणि ‘नावात कुठेही पाटील’ असा शोध घेतला तर साध्या इंडेक्सचा उपयोग होत नाही, ‘पाटीलपासून सुरू होणारं नाव’ असा घेतला तर होतो.

मग प्रत्येक रकान्यावर इंडेक्स करून टाकू, असं कुणाला वाटेल. तसं करू नका. प्रत्येक नवी पट्टी तक्त्यात लिहिताना सगळे इंडेक्सही त्याच क्षणी दुरुस्त करावे लागतात. पंधरा इंडेक्स असतील तर ऐन हंगामात काट्यावरची नोंद रखडेल, आणि काट्यापुढे ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना ते परवडणारं नाही.

शिवाय काही रिपोर्टांना इंडेक्सची गरजच नसते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला हवी ती जागा डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यात डोकं सरकण्याचा वेळ मिळवला की एका विखुरलेल्या वाचनाला १० मिलिसेकंद धरायला हरकत नाही. वर्षाच्या २० लाख ओळी इंडेक्सवरून एकेक करून उचलायच्या म्हटल्या आणि प्रत्येक ओळ वेगळ्या पानावर निघाली, तर २०,००० सेकंद, साडेपाच तास. सगळा तक्ता सलग वाचायला चौदा सेकंद. म्हणून मोठा हिस्सा वाचायचा असेल तेव्हा डेटाबेस इंडेक्स असूनही मुद्दाम सलग वाचतो, आणि ते बरोबरच आहे. एसएसडीमुळे हा फरक बराच कमी झालाय, संपलेला नाही.

महिन्याची बाकी एकदाच काढा

आता मूळ रिपोर्टकडे, येणे-देणेकडे. एका खात्याची आजची बाकी काढायची तर पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदींची बेरीज करावी लागते. म्हणजे २०२१ च्या पट्ट्या आजही रोज वाचल्या जातायत, त्यांत आता काही बदलणार नाही हे माहीत असूनही. गोदामातल्या शिल्लक मालाच्या रिपोर्टचीही हीच कथा.

दर महिन्याच्या अखेरीला प्रत्येक खात्याची बेरीज एका वेगळ्या छोट्या तक्त्यात लिहून ठेवली तर? ८,००० खाती, ६० महिने, म्हणजे जास्तीत जास्त ४ लाख ८० हजार ओळी. आजच्या बाकीसाठी तर तेवढ्याही लागत नाहीत. मागच्या महिन्याची अखेरची बाकी त्याच ओळीत ठेवली असेल तर ८,००० ओळी आणि चालू महिन्याच्या नोंदी एवढंच वाचायचं. एक कोटीवरून आपण लाख-दोन लाखांवर आलो. दहा मिनिटांचा रिपोर्ट सेकंदा-दोन सेकंदांत येतो तो असा.

हे ऐकायला सोपं आहे. अडचण जुन्या तारखेच्या नोंदीत आहे. जूनमध्ये कुणीतरी मार्चची पट्टी उघडतो, वजनात पाच किलोची दुरुस्ती करतो आणि जतन करतो. आता मार्च, एप्रिल, मे तिन्ही महिन्यांच्या लिहून ठेवलेल्या बाक्या चुकीच्या झाल्या. रिपोर्ट मात्र झपाट्याने येतोय. चुकीचा आकडा वेगाने देणारा रिपोर्ट हा अडकणाऱ्या रिपोर्टपेक्षा घातक, कारण अडकणाऱ्यावर निदान कुणी विसंबून राहत नाही.

यावर मार्ग आहेत. जीएसटीचं विवरणपत्र भरून झालं की तो महिना सॉफ्टवेअरमध्ये बंद करायचा. त्यानंतर बदल हवा असेल तर चालू तारखेने दुरुस्तीची वेगळी नोंद. हिशोबाच्या दृष्टीनेही हेच चोख. ज्यांना महिना बंद करणं जमत नाही त्यांनी जुनी नोंद बदलताना त्याच व्यवहारात त्या खात्याच्या पुढच्या सगळ्या बाक्या दुरुस्त कराव्यात. दोन्ही गोष्टी एकत्र जतन होतील, नाहीतर एकही होणार नाही, अशी हमी डेटाबेस देतो, तिचा उपयोग करून घ्यावा. ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये बेरजेचे असे तक्ते ठेवण्यासाठी मटेरियलाइज्ड व्ह्यू नावाची सोय आहे. पोस्टग्रेसमध्ये ती २०१३ साली आली. मात्र तिथला हा तक्ता आपोआप ताजा होत नाही, ताजा करण्याची आज्ञा द्यावी लागते. रात्री दीड-दोनला ती चालवली तर सकाळी रिपोर्टवर ‘काल रात्रीपर्यंतची स्थिती’ असं ठळक लिहा. मालकांना हे चालतं. न सांगता शिळे आकडे दाखवलेले चालत नाहीत, आणि चालूही नयेत.

रिपोर्टमुळे काटा अडतो तेव्हा

काही वेळा रिपोर्ट स्वतः हळू असतोच, वर दुसऱ्यालाही थांबवतो. एसक्यूएल सर्व्हर त्याच्या मूळ मांडणीत वाचताना ओळींवर कुलूप घालतो आणि त्या वेळात लिहिणाऱ्याला थांबावं लागतं. ओरॅकल, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलचं नेहमीचं इनोडीबी इंजिन ओळीच्या जुन्या प्रती ठेवतात, त्यामुळे वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्येही २००५ च्या आवृत्तीपासून तशी सोय आहे, ती चालू करावी लागते.

याऐवजी बरेच जण प्रश्नात ‘नोलॉक’ (कुलूप न पाहता वाच) लिहून मोकळे होतात. रिपोर्ट पळतो खरा, पण अर्धवट असलेला, पुढे रद्द होणारा व्यवहारही त्यात मोजला जाऊ शकतो. एखादी ओळ दोनदा मोजली जाऊ शकते किंवा सुटू शकते. शेतकऱ्याच्या पैशांच्या रिपोर्टला हे वापरू नये, माझ्या मते यात तडजोड नाही. पेढी खरंच मोठी असेल तर डेटाबेसची दुसरी प्रत ठेवावी. नोंदी मूळ प्रतीवर, रिपोर्ट दुसरीवर.

जुना डेटा उडवून टाकणं हा मार्ग नाही. जीएसटी कायद्यात वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने हिशोब जपावे लागतात, कंपनी कायद्यात आठ आर्थिक वर्षं. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून नोंदींतल्या बदलांचा माग ठेवणारंच हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, त्यामुळे डेटा आणखी वाढतो. दरवर्षी नवी फाइल उघडणं सोपं, पण मग तीन वर्षांची तुलना करायला तीन फाइली जोडत बसा. त्याऐवजी एकाच तक्त्याचे आर्थिक वर्षानुसार भाग पाडावेत. तारखेची अट नीट लिहिली असेल तर डेटाबेस नको त्या वर्षांचे भाग उघडतही नाही.

कुठून सुरुवात करायची

आधी मोजावं. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलला ‘एक्सप्लेन’ ही आज्ञा देऊन क्वेरी, म्हणजे रिपोर्टने विचारलेला प्रश्न, दाखवली की तो सांगतो की मी हे काम कसं करणार आहे: कुठला इंडेक्स, कुठे सलग वाचन, किती ओळींचा अंदाज. ‘एक्सप्लेन ॲनलाइज’ दिली तर प्रत्यक्ष करून दाखवतो. अंदाज शंभर ओळींचा आणि निघाल्या दहा लाख, असं दिसलं तर बहुधा डेटाबेसकडची डेटाविषयीची आकडेवारी जुनी झालेली असते, ती ताजी करायची आज्ञा दिली की कधी कधी तेवढ्यावरच भागतं. मायएसक्यूएलमध्ये सावकाश क्वेऱ्यांची वही ठेवता येते, ती आठवडाभर चालू ठेवा. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दिवस त्यात नक्की येऊ द्या, कारण जीएसटीआर-१ आणि ३-बी या मासिक जीएसटी विवरणपत्रांच्या धावपळीत खरे दोष उघडे पडतात.

त्याआधी रिपोर्टची खिडकी उघडून तारखेच्या चौकटीत आपोआप काय येतंय ते बघा. ‘सुरुवातीपासून आजपर्यंत’ असेल तर ते बदलून ‘चालू महिना’ करा. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि कित्येक ठिकाणी निम्मी तक्रार तिथेच मिटते. दोन लाख ओळी पडद्यावर ओतू नका, शंभर-शंभर दाखवा. एक्सेलमध्ये पाठवायचं असेल तर एका पानावर १०,४८,५७६ ओळींची मर्यादा आहेच, पण इतक्या ओळी मागणाऱ्याला आधी विचारा की त्यांचं पुढे काय करणार. बहुतेकदा त्याला गावनिहाय एक बेरीज हवी असते आणि ती तुम्ही थेट देऊ शकता.

हे सगळं करूनही रिपोर्ट रेंगाळला तर मात्र मशीनकडे वळा, आणि तेव्हाही प्रोसेसरआधी रॅम आणि एसएसडी बघा. रोज लागणारा डेटा रॅममध्ये मावला की डिस्कचा प्रश्नच उरत नाही, आणि आपल्या पेढीचा सगळा डेटा २ जीबी आहे हे आपण वर पाहिलंच. इंडेक्स बदलणं, तक्त्याचे भाग पाडणं ही कामं चालत्या हंगामात अंगावर घेऊ नका. पाचही वर्षांच्या डेटाची प्रत वेगळ्या मशीनवर काढा, बदल तिच्यावर करून बघा, जुन्या आणि नव्या रिपोर्टचे आकडे पैशापर्यंत जुळवा. पोळा ते दसरा हा महिना-दीड महिना मोंढ्यात त्यातल्या त्यात निवांत असतो, तेवढ्यात हे उरकून घ्या.